शॅमेलिऑन आठ दिवसांपासून खात नाही, सारखी कुंडी उकरतो – मदत हवी आहे

गोडोलीची:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात हौसेनं सरडा पाळणारं आमचं एकच घर असावं, त्यामुळे शेजारीपाजारी विचारायची सोय नाही. म्हणून इथे लिहितेय.

बहिणीच्या मुलानं पुण्यात असताना व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा परदेशी सरडा) घेतला होता. त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि "मावशी, दोनच महिने सांभाळ" म्हणून तो पिंजरा आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. त्याचे दोन महिने अजून चालूच आहेत. नाव बाळू, वय साधारण दहा महिने. विकणाऱ्यानं नर म्हणून दिलाय.

पिंजरा जाळीचा आहे, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. आत मनीप्लांट आणि जास्वंदीची कुंडी. उबेला वरून एक बल्ब आणि शेजारी यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब. वाटीतलं पाणी हा प्राणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, म्हणून भाच्यानं बाटलीला सलाईनची नळी लावून थेंब थेंब पडेल असं करून दिलंय. शिवाय सकाळ-संध्याकाळ फवारा. खायला रातकिडे, ते पुण्याहून एसटीच्या पार्सलनं येतात. रोज बारा-पंधरा घालते, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरून. आपल्याकडे आलेल्याला उपाशी ठेवायची पद्धत नाही.

तर आठ दिवस झाले, रातकिड्यांकडे ढुंकून बघत नाही. एरवी तासन् तास एका फांदीवर बसणारा बाळू दिवसभर वर-खाली फेऱ्या मारतो, जाळी चढतो, खाली उतरून मनीप्लांटची कुंडी उकरतो. अंगावर निळे-पिवळे ठिपके उठलेत, आधी नव्हते. पोट मात्र गोल आहे, आठ दिवस न खाता! मला बद्धकोष्ठ वाटलं. आमच्या भागातल्या गुराच्या डॉक्टरांना विचारलं, ते बिचारे खरं बोलले, "हा प्राणी मी हातात धरलेला नाही." सासूबाईंचं आपलं एकच, घरात सरडा म्हणजे दळिद्र, सोडून द्या यवतेश्वरच्या डोंगरावर.

एरंडेल द्यावं का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

माणदेशी:
ताई, आधी एक खात्री करा. तो खरंच परदेशी आहे ना? भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे, आपला घोयरा. तो असेल तर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आमच्याकडे दहिवडीच्या बाजूला पावसाळ्यानंतर रस्ता ओलांडताना दिसतो, झुलत झुलत, एक पाय उचलून विचार करत. लोक विषारी म्हणून दगडानं ठेचतात. त्याला विषाचा थेंब नाही. असा कुठे अडकलेला दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे.

गोडोलीची:
नाही हो, डोक्यावरचा तुरा चांगला दोन बोटं उंच आहे. कागद भाच्याकडे आहेत म्हणतो.

पालीचा मित्र:
एरंडेल अजिबात नको! ताई, हातातलं काम सोडा आणि बाळूचा मागचा पाय बघा. टाचेवर, कोंबड्याच्या पायाला असतो तसा बारीक काटा आहे का? व्हेल्डच्या नराला तो अंड्यातून बाहेर पडतानाच असतो. नसेल तर तुमचा बाळू मादी आहे आणि तिच्या पोटात अंडी आहेत.

गोडोलीची:
काटा नाही. दोन्ही पाय बघितले, मोबाईलचा टॉर्च लावून बघितले. पण नर कुठून येणार? एकटाच (एकटीच!) आहे.

पालीचा मित्र:
नर लागत नाही. आपली गावठी कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते तसंच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पाच-सहा महिन्यांच्या मादीलाही अंडी होतात. तुम्ही सांगितलेली प्रत्येक खूण जुळते: ठिपके, फेऱ्या, खाणं बंद, गोल पोट, उकरणं. ती आजारी नाही, जागा शोधतेय. धोका पुढे आहे. मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, अंडी आत अडकतात आणि मादी दगावते. माझी पहिली अशीच गेली. मीही पोट साफ व्हायच्या मागे लागलो होतो.

आज रात्रीच करा. एक खोल बादली किंवा टब घ्या, आत किमान फूटभर वाळू भरता आली पाहिजे. बांधकामाची वाळू चाळून, स्वच्छ धुऊन घ्या. इतपत ओली हवी की मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. बोटानं भोक पाडून बघा, ते ढासळलं तर ती भुयार अर्धवट सोडेल. पिंजऱ्याच्या तळाशी टब ठेवा, फांदी टेकवून उतरायची सोय करा आणि मनीप्लांटची कुंडी बाहेर काढा, नाहीतर ती तिथेच अडून बसेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिंजऱ्याला चारी बाजूंनी जुनी चादर लावा. उकरताना माणूस दिसलं की ती काम टाकून देते. थेंबांचं पाणी चालू ठेवा. एक-दोन दिवस लागतात. रात्री भुयारातच झोपली तरी उचलू नका.

डोळे मिटून पडून राहिली, फांदी धरता येईना किंवा उकरूनही अंडी आली नाहीत, तर वाट बघत बसू नका. शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमच्याच जिल्ह्यात. आधी फोन करून विचारा. एक्स-रेमध्ये अंडी दिसतात.

तासगावचा द्राक्षवाला:
हे सगळं होईपर्यंत आणखी एक सांगतो. रातकिडे संपले म्हणून शेतातले नाकतोडे पकडून घालू नका. आमच्या बागेत फवारण्या किती होतात ते मला माहीत आहे. आणि काजवे तर चुकूनही नाही, सरड्यांना विषारी असतात.

गोडोलीची:
शेजारी घराचं काम चालू आहे, तिथून दोन घमेली वाळू मागून आणली. कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं सरड्याच्या बाळंतपणाला. तो माणूस अजून हसतोय. टब ठेवला, चादर लावली. टीव्ही बंद. घरात कुजबुजत बोलतोय.

गोडोलीची:
(तिसरा दिवस) झालं!! काल दुपारी आत गेली ती रात्रभर बाहेर आली नाही. माझा जीव टांगणीला. आज साडेदहाला वर आली, अंगभर वाळू, डोळे खोल गेलेले, पोट पार खपाटीला. थेंबांखाली बसून दहा मिनिटं पाणी प्यायली. मग सहा रातकिडे. टब उकरला तर अगदी तळाला, पांढरी, चिंचोक्याएवढी अंडी. सासूबाईंनी मोजली. एक्केचाळीस.

आता पुढे काय? परत होणार का हे?

पालीचा मित्र:
अभिनंदन! होणार, बहुधा काही महिन्यांनी. टब कायमचा आत राहू द्या. आणि ताई, रोज पंधरा रातकिडे हे एवढ्या अंड्यांचं मोठं कारण. पोटभर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की मादी जास्त अंडी धरते, आणि प्रत्येक खेपेला शरीरातलं कॅल्शियम झिजतं. आता दोन आठवडे चांगलं खाऊ घाला, त्यानंतर एक दिवसाआड तीन-चार, बस. बल्बखालची फांदी २८-२९ अंशांपुढे तापू देऊ नका. यूव्हीबी ट्यूब भाच्यानं घेतल्यापासूनची असेल तर बदला, ती दिसायला चालू असते पण किरण कमी झालेले असतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर भिस्त ठेवू नका, काच यूव्हीबी अडवते.

माणदेशी:
भाच्याच्या कागदांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी आहे का तेही बघा. २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांसाठी ती लागते, आणि प्राणी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. आणि सासूबाईंना सांगा, यवतेश्वरला सोडायचं मनातसुद्धा आणू नका. ती येमेनची आहे.

गोडोलीची:
भाच्याला फोन लावला, आज रात्री कागद पाठवतोय. ट्यूबही त्याच्याच खर्चानं मागवली. सोडायचा विषय सासूबाईंनीच बंद केलाय. दोन आठवड्यांनंतर बाळंतिणीला एक दिवसाआड तीन किडे हे काही त्यांना पटलेलं नाही, सकाळपासून दोनदा भांडून झालंय. रातकिड्यांचा डबा मी कपाटात कुलपात ठेवलाय.