'ब्लायटी' : यात आपल्या भाषेचा विजय आहे का?

पानसुपारी
पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत चिखल तुडवणारा टॉमी, म्हणजे गोरा शिपाई, मायदेशाला 'ब्लायटी' म्हणायचा. हा आपल्याच 'विलायती'चा अपभ्रंश. हिंदुस्थानातल्या छावण्यांत राहून गेलेल्या पलटणींनी 'बिलायती' ऐकला आणि सोबत नेला. जिवावर बेतणार नाही, पण घरी धाडतील एवढी जखम झाली की तीसुद्धा 'ब्लायटी'. १९१६ साली याच नावाचं नियतकालिक सैनिकांसाठी निघालं. आपल्याकडे विलायती म्हणजे परकं. विलायती चिंच, विलायती बाभूळ. राज्य त्यांचं, आणि स्वतःच्या घराला नाव मात्र आपण दिलेलं! मला तरी यात आपला विजय दिसतो.

खडूस_काका
विजय कसला डोंबलाचा? त्यांनी उचलला तो 'ब' उत्तरेतल्या बोलींतला, मराठीत 'व' आहे. आणि शब्द नेला म्हणजे मान दिला असं थोडंच आहे? 'लूट'ही नेलाच की, मालासकट.

नवी_पालवी
पिकावरच्या रोगाला इंग्रजीत ब्लाइट म्हणतात, त्यावरून नसेल कशावरून?

पानसुपारी
घराची ओढ लागलेला माणूस घराला करपा कशाला म्हणेल? १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या शब्दांच्या कोशात 'बिलायती पानी' आहे, अर्थ सोडावॉटर. शब्द गोऱ्यांच्या कानावर आधीपासून होता.

सह्यकडा
व्युत्पत्ती मान्य, विजय अमान्य. १९१४ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी इस्पितळ उघडलं. हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे, जातीधर्माप्रमाणे स्वयंपाकघरं वेगळी. सगळी बडदास्त. पण टॉमी जखमी झाला की विलायतेला, म्हणजे घरी. आपला शिपाईही जखमी झाला की विलायतेलाच, पण त्याचं घर सातासमुद्रापार. बरा झाला की पुन्हा आघाडीवर पाठवायचे. 'एकदा जखमी झालो, आता परत कशाला?' ही कुरकुर त्यांच्या पत्रांत होती, ती सेन्सॉरच्या नजरेतून सुटली नाही. पुढे पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. मग कैद. त्यांच्या नशिबी कुठली ब्लायटी? एकच शब्द एकाला घरी पोचवतो आणि दुसऱ्याला परमुलखात ठेवतो, तिथे मिरवायचं काय?

पानसुपारी
तो दोष सरकारचा. शब्दाने काय केलं?

सह्यकडा
काहीच नाही. म्हणूनच विजयही त्याच्या नावावर मांडू नका.

खडूस_काका
शिवाय 'विलायत' मुळात अरबी, अर्थ अंमल किंवा प्रांत. फारसीच्या हातून आपल्याकडे आला. आपण गावाकडच्या प्रदेशाला मुलूख म्हणतो, तोही अरबीच. मग अरबांनी आपल्या सगळ्यांवर विजय मिळवला म्हणायचा का?

पानसुपारी
काका, असेल अरबी. पण टॉमीच्या कानावर तो बगदादेत नाही पडला, आपल्या छावणीतल्या बाजारात पडला. मी काही मत बदलत नाही.