टोटल कोलेस्टेरॉल १९६, तरी गोळी? मदत हवी आहे (जरा घाई आहे)

रानजाई
नवऱ्याच्या ऑफिसात हेल्थ चेकअप झालं. टोटल कोलेस्टेरॉल १९६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१, एलडीएल (वाईट) ११३. टोटल २०० च्या आत आहे, एलडीएलपुढे लॅबवाल्यांनीच 'नियर ऑप्टिमल' छापलंय. तरी डॉक्टरांनी मान वर न करता रोसुवास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल उतरवायची स्टॅटिन गोळी लिहून दिली. नवरा म्हणतो, एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते. पाकीट तसंच फ्रिजवर पडलंय. सुरू करायची की नाही, एवढंच सांगा. पथ्याचे सल्ले नकोत, त्याला घरात सासूबाई पुरेशा आहेत.

मुळशीकर
वय? बीपी? शुगर? सिगारेट? घराण्यात कुणाला हार्टचं? चार आकड्यांवर कोण काय सांगणार?

रानजाई
वय ४१. बीपी नॉर्मल, सिगारेट नाही, शुगर नाही. जाड अजिबात नाही, ५ फूट ८ इंच, ६९ किलो. म्हणूनच तर कळत नाहीये.

दोनवेळापुरे
ताई, गोळी केराच्या टोपलीत टाका. दीक्षित सरांची पद्धत, दिवसातून दोनदा जेवण, ५५ मिनिटांच्या आत. मध्ये काही नाही, साखरेचा चहासुद्धा नाही. माझं ट्रायग्लिसराइड ३१० वरून १४० वर आलं. मूळ रोग इन्सुलिन आहे, कोलेस्टेरॉल नाही.

चारघास
आले! अहो, दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊनही माझ्या मेव्हण्याचं उतरलं. दोघांचंही वजन उतरलं म्हणून उतरलं.

दोनवेळापुरे
दर वेळी खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, हे शाळेतलं पोर सांगेल.

सातारी_तर्री
तुमचं युद्ध दुसऱ्या धाग्यावर न्या, तिथे २०१८ पासून चालूच आहे. रानजाई, 'शुगर नाही' म्हणजे किती? आकडा द्या.

रानजाई
फास्टिंग १०४, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९. पॅकेजमध्ये फास्टिंग इन्सुलिनही होतं, ते १९. हे कुणी विचारलंच नव्हतं.

वैद्यबुवा_नाही
मी एमबीबीएस आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. नेटवर औषध देत नाही, पण तुमच्या डॉक्टरांना काय दिसलं असावं ते सांगतो.

एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा. फास्टिंग शुगर १०४ ला इन्सुलिनच्या १९ ने गुणून ४०५ ने भागा, जवळपास ४.९ येतात. याला होमा-आयआर म्हणतात, आणि हा आकडा चांगलाच वर आहे. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त ओततंय. शुगर अजून आटोक्यात दिसते ती त्यामुळेच.

आता कोलेस्टेरॉलशी संबंध. इन्सुलिनचं ऐकेनाशी झालेली पोटावरची चरबी फॅटी अ‍ॅसिड सोडत राहते. ती यकृतात जातात, यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलच्या कणांत भरून रक्तात पाठवतं. या कणांची एचडीएल-एलडीएलशी देवाणघेवाण होते. ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल लवकर निकामी होतं, म्हणून तुमचे ३१. एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कण जास्त. रिपोर्टातले ११३ कोलेस्टेरॉलचं वजन सांगतात, कणांची संख्या नाही. पोत्याचं वजन बघून आतले दाणे मोजल्यासारखं आहे ते.

म्हणून टोटलमधून एचडीएल वजा करा: १९६ वजा ३१, १६५. हे नॉन-एचडीएल, आणि ते जास्त आहे. टोटल २०० च्या आत राहिलं ते एचडीएल इतकं कमी आहे म्हणून, त्यात खूश होण्यासारखं काही नाही.

रानजाई
पण तो बारीक आहे हो!

मुळशीकर
पँटचा नंबर सांगू नका, पोट मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत हवं.

रानजाई
९४. पँट ३४ ची, पण बेंबीखाली घालतो. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आहे. आम्ही उन्हाने म्हणायचो, मी लुफ्याने घासूनही पाहिलंय.

वैद्यबुवा_नाही
घासू नका. तो पट्टा बहुधा वाढलेल्या इन्सुलिनमुळेच, पण त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पर्वतीपायथा
बारीक वरून आठवलं. पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये दोघांचाच फोटो शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली वाण अशी आहे, वरून काडी आणि आत लोणी.

माडबन
सगळं रिफाइंड तेलाने झालंय. आमचे आजोबा ९२ वर्षं जगले, सगळा स्वयंपाक खोबरेल तेलात. घाण्याचं घ्या, पत्ता देतो.

चारघास
आजोबा बागेत दिवसभर राबायचे, ऑफिसात खुर्चीवर बसून समोसा मागवत नव्हते. खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं, त्याने एलडीएल वाढतं. घाण्याचं असो वा डब्याचं.

माडबन
परदेशी कंपन्यांचा प्रचार.

हिरवी_मिरची
अवांतर: खपली गहू चांगला कुठे मिळेल? मला ८० रुपये किलोच्या आत हवा.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत आमचे डॉक्टर अपोबी ही रक्ततपासणी करतात. प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू, म्हणजे कणांची मोजदादच. शिवाय लायपोप्रोटीन लिटल-ए (एलडीएलसारखाच एक कण) आयुष्यात एकदा तरी करून घ्या, ते आनुवंशिक असतं, ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका. आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा कॅल्शियम स्कोअरचा सीटी.

मुळशीकर
साहेब, तिथे सगळं विम्यात होतं. रानजाई, तुम्ही घराण्याचं अजून सांगितलं नाहीत. दुसऱ्यांदा विचारतोय.

रानजाई
सासरे अटॅकने गेले. ४९ व्या वर्षी. ते तंबाखू खायचे, त्याचा याच्याशी काय संबंध?

वैद्यबुवा_नाही
खूप संबंध. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत असा गेला असेल तर तो स्वतंत्र धोक्याचा मुद्दा धरतात, तंबाखू असो नसो. त्यात हे ट्रायग्लिसराइड, हे पोट, ही शुगर. आता डॉक्टरांनी स्टॅटिन का लिहिली ते मला तरी कळतं.

दोनवेळापुरे
आणि स्टॅटिनने शुगर वाढते ते कोण सांगणार?

वैद्यबुवा_नाही
मी सांगतो. ज्यांची आधीच काठावर असते त्यांना मधुमेह होण्याची शक्यता थोडी वाढते, २००८ च्या ज्युपिटर चाचणीत रोसुवास्टॅटिनवरच दिसलं होतं. हार्टचा फायदा त्याहून जास्त पडतो, विशेषतः अशा घराण्यात. पण गोळीने इन्सुलिनचा प्रश्न सुटत नाही, हे तुमचं बरोबर. वजन पाच-सहा किलो उतरवायचं, मग दोनदा जेवून उतरवा नाहीतर चारदा. फक्त शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय उपाशी राहू नये.

सातारी_तर्री
रानजाई, दारू? आणि उपास?

रानजाई
शनिवारी दोन-तीन पेग. गुरुवार आणि चतुर्थी करतो, साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस. उपासाचं काय त्यात?

सातारी_तर्री
साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. पेग आणि खिचडी, दोन्ही ट्रायग्लिसराइडच्या खात्यात. उपासाला भगर, दही, शेंगदाणे घ्या.

हिरवी_मिरची
भगरही स्टार्चच आहे की.

सातारी_तर्री
म्हणून दही-शेंगदाणे लिहिलं. वाटीभर भगर आणि बशीभर खिचडी एक नाही.

रानजाई
पथ्य नको म्हटलं होतं तरी आलंच. बरं. गोळी रात्रीच घ्यायची का? केमिस्ट तसं म्हणाला.

वैद्यबुवा_नाही
रोसुवास्टॅटिन कधीही चालते, वेळ रोज एकच ठेवा. रात्रीचा नियम सिम्वास्टॅटिनसाठी. सुरू करण्याआधी एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉईडची) झालंय का बघा, थायरॉईड कमी असेल तरी कोलेस्टेरॉल चढतं. सहा-आठ आठवड्यांनी लिपिड पुन्हा. स्नायू विनाकारण दुखले किंवा लघवी गडद झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा. आणि पुढच्या वेळी त्यांना सासऱ्यांचं वय सांगा, त्यांनाही सांगितलं नसेल.

रानजाई
टीएसएच नाही झालेलं. उद्या लॅबवाल्याला घरी बोलावते. सासऱ्यांचं डॉक्टरांना माहीत आहे, त्यांच्याकडेच होते ते.

एडिसनकर
मग अपोबीही त्यातच घालून टाका.

हिरवी_मिरची
खपलीचं कुणी सांगा ना.