जरीफाला स्वतःचा ‘मी’ का मिळत नाही?

चर्चाप्रस्ताव

जोखा अल्हार्थी यांच्या ‘सय्यिदात अल-कमर’ (२०१०) या ओमानी कादंबरीला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. तिच्यातील जरीफा ही गुलामीत जन्मलेली, व्यापारी सुलेमानच्या घरात राबणारी, त्याची शय्यासोबत करणारी आणि त्याच्या आईवेगळ्या मुलाला, अब्दुल्लाला, वाढवणारी स्त्री आहे. तरीही प्रथमपुरुषी निवेदन मिळते ते फक्त अब्दुल्लाला. मालकाच्या वारसाने आठवावे आणि दासीने आठवले जावे, ही रचना मला अन्यायाची वाटते. याउलट इजिप्शियन लेखिका नवाल अल-सादावी यांच्या ‘वुमन अ‍ॅट पॉइंट झीरो’ (इंग्रजी अनुवादाचे नाव) या १९७५ च्या कादंबरीत फाशीच्या कोठडीतील फिरदौस आपली कहाणी स्वतः सांगते.

प्रतिसाद १

आपल्या आक्षेपाशी मी मुळीच सहमत नाही. अल्हार्थींच्या कादंबरीतील मय्या, अस्मा आणि खौला या प्रतिष्ठित घरातल्या बहिणींनाही ‘मी’ मिळालेला नाही. तेव्हा ही वागणूक केवळ दासीच्या वाट्याला आलेली नाही. शिवाय त्रयस्थ निवेदकाला जे दिसते ते जरीफाला दिसणे शक्यच नव्हते. २५ सप्टेंबर १९२६ रोजी जिनिव्हात गुलामगिरीविरोधी करारावर सह्या होत असताना तिची आई अंकबूता तिला जन्म देत होती. ओमानमध्ये गुलामगिरी संपायला मात्र १९७० उजाडले. कायदा आणि आयुष्य यांतले हे अंतर कोणत्याही आत्मकथनात इतक्या थेटपणे मांडता आले नसते.

प्रतिसाद २

फिरदौसचे उदाहरणही तपासायला हवे. तिची कहाणी आपल्यापर्यंत येते ती तुरुंगात तिला भेटायला गेलेल्या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीच्या निवेदनाच्या चौकटीतून; म्हणजे सुशिक्षित मध्यस्थ तिथेही आहेच. मात्र शिक्षा माफ व्हावी म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे करायच्या अर्जावर सही करायला फिरदौस नकार देते, आणि त्या नकारात मध्यस्थाचा काहीही वाटा नाही. मला तिचा स्वर खरा वाटतो तो या नकारामुळे, प्रथमपुरुषी निवेदनामुळे नव्हे.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

जिनिव्हाचा प्रसंग प्रभावी आहे, यात शंका नाही. पण तो जरीफाच्या परिस्थितीविषयी सांगतो, तिच्या मनाविषयी नाही. नवरा हबीब ‘आपल्याला चोरून आणून विकले’ असे ओरडत राहतो, मुलगा सन्जर कायद्याने आपण मोकळे असल्याचे ठासून सांगतो, आणि जरीफा मात्र मालकाच्या घराशी बांधलेली राहते. हे प्रेम होते, भीती होती, की त्या घरात वर्षानुवर्षे राबून मिळवलेला अधिकार सोडवत नव्हता? तिच्याच तोंडून हे ऐकण्याची वाचकाची अपेक्षा रास्त आहे, आणि ती अपेक्षा ही कादंबरी पूर्ण करत नाही.