रात्रीचं आंबट पाणी: साधं पित्त की जीईआरडी (जठरातलं आम्ल वारंवार वर येण्याचा आजार)? सल्ला हवा

लेटलोकल:
मंडळी, वय ४३, ऑफिस लोअर परळ, घर बदलापूर. पोचायला साडेदहा, जेवून अकराला आडवा. पूर्वी मिसळ-वडापाव झाला की जळजळायचं, इनो घेतलं की विषय संपला. आता तीन महिने झाले, साधा वरणभात खाल्ला तरी रात्री दीड-दोनला आंबट पाणी घशाशी येतं, ठसका लागून उठून बसतो. सकाळी आवाज घोगरा. आई म्हणते तुझी प्रकृतीच पित्ताची, आमसुलाचं सार घे. केमिस्ट गोळी देतो, दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. एंडोस्कोपी करावी का? कुठे दाखवू?

कोकणकन्या५:
झोपताना थंड दूध. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या तेच.

परळच्या_काकू:
दुधाने थोडा वेळ गार वाटतं, पण झोपायच्या तोंडावर पोटात आणखी भर कशाला? मी यातून गेलेय. डॉक्टरांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, आठवड्यातून किती वेळा? लग्नाचं जेवण बाधलं, दोन ढेकर आंबट आले, ती साधी जळजळ. आठवड्यात दोनदा किंवा जास्त, आणि तेही आठवडेच्या आठवडे, तर जीईआरडीचा संशय घेतात. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू ढिला पडतो आणि आम्ल वर चढतं. आडवं झालं की त्याला रस्ता मोकळाच. म्हणून तुम्ही काय खाल्लंत यापेक्षा रात्रीचा ठसका मला जास्त खटकला.

उशा वाढवू नका. मी तीन उशा घेऊन मान धरून बसले होते, शिवाय कमरेत वाकल्याने पोट दाबलं जातं ते वेगळंच. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकावर एक दोन विटा, साधारण सहा इंच. झोपायचं डाव्या कुशीवर. जेवण आणि झोप यात तीन तास.

लेटलोकल:
काकू, तीन तास म्हणजे दीडला झोपू? सकाळी सातची गाडी असते.

परळच्या_काकू:
मग डबा दोन न्या. साडेसातला ऑफिसातच पोळीभाजी उरका, घरी आल्यावर फार तर वाटीभर भात.

औषधवाला:
मी फार्मासिस्ट. केमिस्टने दिलेली गोळी पँटोप्राझोल असेल, तर ती जळजळल्यावर घेऊन उपयोग नाही. सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे सलग. दोन दिवस घेऊन सोडली तर 'पुन्हा तेच' होणारच. बीपीची गोळी चालू आहे का? कमरेसाठी पेनकिलर?

लेटलोकल:
दोन्ही! अम्लोडिपिन रोज, पेनकिलर आठवड्यातून तीनदा तरी.

औषधवाला:
अम्लोडिपिनने तो स्नायू आणखी सैल पडू शकतो आणि पेनकिलर जठराचं अस्तर खरवडतात. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना दोन्ही दाखवा. इनोत सोडियम भरपूर, बीपीवाल्याने रोज घेऊ नये.

शिफ्टवाली_सिस्टर:
एंडोस्कोपी सरसकट लागत नाही. घास अडकतोय, वजन आपोआप उतरतंय, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखी काळी, यातलं काहीही असेल तर मात्र थांबू नका. गोळ्यांचा कोर्स होऊनही जळजळ गेली नाही तरी आत बघतात. कधीकधी एंडोस्कोपी स्वच्छ येते आणि त्रास असतोच, मग नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजतात.

जिना चढताना छाती भरून येत असेल, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर पित्त समजून आमसूल चघळत बसू नका. १०८ ला फोन लावा. ४३ आणि बीपी, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आधी फॅमिली डॉक्टर. पुढे पाठवलंच तर केईएम तुमच्या ऑफिसपासून जवळ, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

लेटलोकल:
जिन्याचा त्रास नाही, घासही अडकत नाही. कॅलेंडरवर खुणा केल्या, सात रात्रींत चार. शनिवारी डॉक्टरकडे जातो. सध्या प्रश्न विटांचा. सुट्या चार विटा कोण देतं?

परळच्या_काकू:
बदलापुरात? दर दुसऱ्या गल्लीत बांधकाम. वॉचमनला चहा पाजा.