मदत हवी आहे: सिमेंटवर जिंकणारी मुलगी मातीच्या कोर्टवर पहिल्याच राउंडला हरते, काय करू? (फक्त नऊ दिवस हातात)

साखळीकर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, उत्तर लवकर हवंय म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मुलगी टेनिस खेळते, गोव्यात तिच्या वयाच्या पोरींना आरामात हरवते, पण गेल्या महिन्यात पुण्याला क्ले कोर्टवर नेलं आणि पहिल्याच राउंडला ६-१, ६-२. समोरची मुलगी तिच्यापेक्षा भारी नव्हती, बाप म्हणून बोलत नाहीये, दोघींचा वॉर्मअप नीट बघितला होता. आता नऊ दिवसांनी परत तिथेच स्पर्धा आहे. कोच म्हणतात क्ले सोडून द्या, आपली पोर हार्डकोर्टची, प्रोफेशनल लोकसुद्धा आपापला सरफेस धरूनच असतात. हे खरं आहे का? मोठ्या खेळाडूंचा खेळ कोर्टमुळे खरंच इतका बदलतो का, आणि बदलत असेल तर ते काय करतात? नाव मागे घ्यायची शेवटची तारीख परवा आहे, कृपया लवकर सांगा.

डिचोलीकर
बाब, वय काय, किती वर्षं खेळते, उजवी की डावरी, बॅकहँड एका हाताचा की दोन हातांचा? आणि हरली म्हणजे कशी हरली, चेंडू बाहेर जात होते, नेटमध्ये जात होते, की पोचतच नव्हती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

नदालवेडा
प्रोफेशनल लोकांचं विचारताय तर एकच नाव पुरे. नदाल, पॅरिसची फ्रेंच ओपन, जी क्लेवर म्हणजे मातीवर होते, १४ वेळा, तिथे ११२ मॅच जिंकला आणि फक्त ४ हरला. २००५ ते २००७ मध्ये क्लेवर सलग ८१ मॅच जिंकलेला माणूस आहे तो. सरफेसने फरक पडत नाही असं म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवा. मुलीला टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या बाजूला फिरकी देणं) शिकवा, बाकी सगळं आपोआप होईल.

साखळीकर
वय १३, उजवी, दोन हातांचा बॅकहँड, पाच वर्षं खेळतेय. नऊ दिवसांत नवीन टॉपस्पिन कसा शिकवणार हो? मला फक्त एवढं सांगा, नेऊ की नको.

पुणेरी_लॉब
शूज कोणते होते? हे कोणी विचारतच नाहीये. हार्डकोर्टच्या सोलमध्ये माती भरते, मग पाय हवा तिथे घसरत नाही आणि नको तिथे सटकतो. क्लेसाठी पूर्ण सोलवर हेरिंगबोनची नक्षी लागते, ती माती धरते पण घसरायच्या वेळी सोडते. मी ११ वर्षं मातीवर खेळतोय, निम्म्या पाहुण्या मुली शूजमुळेच हरतात. आणि गटिंगचा (रॅकेटच्या तारांचा) ताण किती आहे? दोन पाउंड कमी करा, पॉली (पॉलिएस्टरची कडक) स्ट्रिंग घाला, स्पिन लगेच वाढेल.

सुमती_फोंडा
पॉली स्ट्रिंग तेरा वर्षांच्या मुलीला? कृपया असले सल्ले देऊ नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कडक स्ट्रिंगने कोपर आणि मनगट धरलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यातली काही वर्षभर रॅकेट धरू शकत नाहीत. शूजचं बरोबर आहे, ते आजच्या आज घ्या. स्ट्रिंग आहे तीच राहू दे.

पुणेरी_लॉब
मॅडम, सगळ्या अकादम्यांत पोरं पॉलीच वापरतात.

सुमती_फोंडा
आणि त्यातली बरीच नंतर माझ्याकडे येतात, तेच तर सांगतेय.

मास्तर_म्हापसा
शाळेत ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, टेनिस त्याहून जास्त वर्षं बघतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा दोन गोष्टी ठरतात: घर्षणामुळे पुढे जायचा वेग किती कमी होणार आणि तो उसळणार किती. मातीत घर्षण जास्त, म्हणून पुढचा वेग जास्त खाल्ला जातो आणि चेंडू उभा चढतो. गवतावर घर्षण कमी आणि उसळीही कमी, चेंडू सरपटत येतो. हार्डकोर्ट साधारण मधे, पण ते "साधारण" फसवं आहे, त्यावर पुढे येतो. नदालचा फोरहँड पॅरिसला फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या वर यायचा तो ह्यामुळेच, आणि तोच फेडरर गवतावर ८ विंबल्डन घेऊन गेला. दोघं तेच, हात तेच, फक्त खालची जमीन वेगळी. २००७ मध्ये मायोर्का बेटावर दोघांची मॅच ठेवली होती, कोर्टची एक बाजू गवत, दुसरी बाजू माती, बाजू बदलली की शूजसुद्धा बदलायचे. नदाल जिंकला, पण तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये.

साखळीकरबाब, आता मला सांगा, मुलगी चेंडूला उशिरा पोचत होती की आधीच रॅकेट फिरवत होती?

साखळीकर
आता विचारलंत म्हणून आठवलं, ती आधीच फिरवत होती. चेंडू आला नाही तोवर हात पुढे गेलेला, आणि आला की खांद्याएवढा. बरेच फोरहँड फ्रेमला लागले. मला वाटलं घाबरली असेल.

डिचोलीकर
हेच तर पहिल्या मेसेजला विचारलं होतं बाब.

रॉजर_वास्को
कोचचं म्हणणं बरोबर आहे असं माझं मत. सॅम्प्रास बघा, विंबल्डन ७ वेळा जिंकला, फ्रेंच ओपनला १९९६ ची सेमीफायनल ही त्याची सगळ्यात वरची मजल, फायनल कधीच नाही. जस्टिन एनाँचं उलट, फ्रेंच ४ वेळा, विंबल्डन एकदाही नाही. इतक्या मोठ्या लोकांना जमलं नाही, तर तेरा वर्षांच्या पोरीचा आत्मविश्वास कशाला घालवायचा?

नदालवेडा
आणि शारापोव्हा? १७ व्या वर्षी गवतावर विंबल्डन जिंकली, २००७ मध्ये स्वतःच म्हणाली होती की क्लेवर आपण बर्फावरच्या गायीसारख्या चालतो. तीच बाई २०१२ आणि २०१४ ला फ्रेंच ओपन जिंकली. मेदवेदेवला क्ले आवडत नाही हे जगजाहीर, तरी २०२३ ला रोमला मास्टर्स जिंकला. श्वियाँतेकला सगळे क्लेची राणी म्हणायचे, ४ फ्रेंच ओपन, गवतावर तिचं काही खरं नाही म्हणायचे, २०२५ ची विंबल्डन फायनल तिने ६-०, ६-० ने मारली. "आपली पोर हार्डकोर्टची" हे तेराव्या वर्षी ठरवणारा कोच मला पटत नाही.

रॉजर_वास्को
शारापोव्हाला त्याला आठ वर्षं लागली. इथे नऊ दिवस आहेत.

आजोबा_पर्वरी
सरफेसचा विषय निघालाच आहे तर १९८७ चा डेव्हिस कप, देशादेशांतली टेनिस स्पर्धा, कोणाला आठवतो? विजय अमृतराज, रमेश कृष्णन. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी सिडनीत गवतावर ३-२ हरवलं आणि आपण फायनलला. स्वीडनने काय केलं, गोथेनबर्गच्या बंद हॉलमध्ये मातीचं कोर्ट केलं. आपली माणसं गवतावरची, व्हॉलीची (टप्पा पडायच्या आधीच नेटजवळ चेंडू मारायची), तिथे ५-० गेलो. घरच्या संघाला कोर्ट निवडायचा हक्क असतो तो असा वापरतात. ते दुःख मला अजून आहे.

नदालवेडा
आजोबा, १९९३ पण सांगा की. फ्रान्सला त्यांच्याच फ्रेजूसमध्ये क्लेवर ३-२ हरवलं, रमेश कृष्णन आणि आपला लिएंडर पेस.

आजोबा_पर्वरी
हो, ते खरं. लिएंडर कोलकात्याचा असला तरी मूळ गोव्याचं, त्यामुळे त्या दिवशी आमच्या वाड्यावर दिवाळी होती.

मडगावची_सकाळ
मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याला २१ इंची रॅकेट घ्यावी की २३ इंची? उंची ३ फूट १० इंच.

डिचोलीकर
२३ इंची. पण वेगळा धागा काढा हो.

मास्तर_म्हापसा
मूळ विषयावर येऊया. साखळीकरबाब, घरचं कोर्ट कसलं आहे?

साखळीकर
हार्डकोर्ट म्हटलं ना. सिमेंटचं.

मास्तर_म्हापसा
"हार्डकोर्ट" म्हणजे एक वस्तू नव्हे. सिमेंट किंवा डांबराच्या वर अॅक्रिलिक रंगाचे थर देतात, त्यात वाळू मिसळतात. वाळू जाड आणि भरपूर असेल तर कोर्ट संथ, बारीक किंवा झिजलेली असेल तर जलद. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशन कोर्टच्या वेगाचे पाच गट करते, संथ ते जलद, आणि हार्डकोर्ट त्यातल्या जवळजवळ कुठल्याही गटात बसू शकतं. ऑस्ट्रेलियन ओपन १९८८ पासून हार्डकोर्टवर आहे, पण तीन वेगवेगळे सरफेस झाले तिथे, आणि प्रत्येक वेळी खेळाडू म्हणायचे चेंडू बदलला. विंबल्डनने २००१ ला गवताचं मिश्रण बदलून पूर्ण राय गवत केलं, पुढच्याच वर्षी ह्युइट आणि नालबांदियान, दोघंही बेसलाइनवाले (मागच्या रेषेवरून खेळणारे), फायनलला. म्हणून विचारतो, तुमच्या कोर्टवर रंग आहे का? उद्या सकाळी बेसलाइनच्या आत तळहात फिरवून बघा आणि इथे सांगा.

पुणेरी_लॉब
मास्तर, ते ठीक आहे, पण पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर आहे, तिथे हवा विरळ, चेंडू गोव्यापेक्षा जलद यायला हवा. माद्रिदचं क्ले पॅरिसच्या क्लेपेक्षा जलद वाटतं ते उंचीमुळेच. मग ही मुलगी लवकर कशी फिरवत होती?

मास्तर_म्हापसा
चांगला प्रश्न. हवेत थोडा जलद येणारच, पण टप्प्यानंतर माती जितकं खाते त्याच्यापुढे हा फरक छोटा. शिवाय सकाळच्या पहिल्या मॅचला पाणी मारलेलं कोर्ट ओलं असतं, चेंडू ओल शोषतो, जड होतो. मॅच किती वाजता होती?

साखळीकर
साडेसातला. हो, पाणी मारलेलं होतं. कोर्टवर पाय उठत होते.

काणकोणचा_गडी
मी पुण्याबिण्याला खेळलो नाही पण एक सांगतो, आपल्याकडे गावोगाव फुटबॉलची लाल मातीची मैदानं आहेत, आता पाऊस गेला, ती सुकलीत. सकाळी तिथे चुन्याने लाइन मारा आणि पोरीला घसरायला शिकवा, घसरत घसरत चेंडू मारायचा. पॅरिसला तरी काय, विटांचीच पूड, आपल्याकडे चिऱ्याची.

सुमती_फोंडा
थांबा थांबा. पॅरिसला विटांच्या पुडीचा थर एक-दोन मिलिमीटरचा असतो, खाली घट्ट दाबलेली चुनखडी, सगळं चाळलेलं आणि रोलर फिरवलेलं. आपल्या मैदानात खडे असतात, पाय खड्यावर अडकला की घोटा गेलाच. न्यायचंच असेल तर एक कोपरा झाडून, खडे वेचून, आधी रॅकेटशिवाय नुसतं घसरणं. आणि घसरताना चेंडू मारायच्या आधी पाय लांबवायचा, मारल्यावर नाही. पोरं नेमकं हेच उलट करतात.

काणकोणचा_गडी
बरं, झाडून घ्या. पण मैदान चालेल.

साखळीकर
मंडळी, सकाळी सहाला कोर्टवर जाऊन आलो. तळहात फिरवला. बेसलाइनच्या आत दोन-तीन ठिकाणी रंग शिल्लकच नाही, काळं सिमेंट उघडं पडलंय, आमच्या घरच्या ओट्यासारखं गुळगुळीत. रखवालदाराला विचारलं, म्हणाला दर पावसाळ्यानंतर शेवाळ काढायला मशीनच्या पाण्याने जोरात धुतात, तेव्हा रंगाचे तुकडे निघतात. पाच वर्षं ती ह्याच्यावरच खेळलीय. मी कधी खाली वाकून बघितलंच नाही.

मास्तर_म्हापसा
मग सापडलं. ती हार्डकोर्टची नाही, ती त्या गुळगुळीत कोर्टची आहे. चेंडू खाली आणि झटकन येतो, म्हणून तिचा बॅकस्विंग (मारायच्या आधी रॅकेट मागे नेणं) छोटा आणि बेसलाइनला चिकटून उभं राहायची सवय, आणि तिथे ते बरोबरच आहे. उद्या ती पुण्याच्या नवीन रंगवलेल्या, जाड वाळूच्या हार्डकोर्टवर गेली असती तरी तिला थोडं असंच झालं असतं. हात बदलू नका. दोन गोष्टी: बेसलाइनच्या मागे दीड-दोन मीटर उभी करा, आणि तुम्ही पलीकडून हाताने उंच चेंडू टाका, खांद्याएवढे, रोज शंभर-दीडशे, तिने थांबून मारायचे. टप्पा पडला की मनात "एक" म्हणायचं आणि मग हात. नऊ दिवसांत वेळेची सवय बदलते, स्ट्रोक बदलत नाही.

पुणेरी_लॉब
हे पटलं. आणि शूज.

रॉजर_वास्को
मी अजूनही म्हणतो, परत ६-१ झालं तर मुलीचं काय? पण निर्णय तुमचा. तिला विचारलंत का?

साखळीकर
खरं सांगायचं तर नव्हतं विचारलं. काल रात्री विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला हरल्याचं वाईट नाही वाटलं, चेंडू असा का येतो ते कळत नव्हतं ह्याचं वाटलं." मग मास्तरांचा पूर्ण मेसेज तिला वाचून दाखवला, फेडरर-नदालचं दोनदा वाचायला लावलं. नाव मागे घेत नाहीये. शूज आज म्हापशात नाही मिळाले, पणजीला मिळाले. मैदानाचा कोपरा तिने आणि तिच्या भावाने मिळून झाडला, एक बादलीभर खडे निघाले.

सुमती_फोंडा
छान. घोट्याला पट्टी बांधून पाठवू नका, आधी घोट्याचे व्यायाम. काय काय करायचं ते इथेच लिहिते रात्री.

मडगावची_सकाळ
२३ इंची घेतली, धन्यवाद. हा धागा पूर्ण वाचला, आमच्या कोर्टवर पण तळहात फिरवून बघतो उद्या.

साखळीकर
ड्रॉ लागला. पहिलीच मॅच तिसऱ्या सीडशी (मानांकनात तिसऱ्या मुलीशी), परत सकाळची, साडेसातची. मुलगी म्हणते आदल्या संध्याकाळी पोचू, म्हणजे पाणी मारतात तेव्हापासून कोर्ट बघता येईल. गुरुवारी रात्रीच्या बसने निघतोय.