रिपोर्ट कार्डवर मार्कच नाहीत, पीटीएमला विचारू काय?

तिलकनगरवाली:
इंदूरच्या पालकांना विचारतेय. मुलगा चौथीत, सीबीएसई. ह्या टर्मला जे कार्ड आलं त्यात मार्कच नाहीत, नवं होलिस्टिक कार्ड आहे म्हणे, गणितापुढे 'प्रोफिशियंट', एक पान मुलाने स्वतःबद्दल भरलेलं, एक वर्गातल्या मैत्रिणीने त्याच्याबद्दल (तिने लिहिलंय 'डबा शेअर करतो', तेवढं खरंय) आणि एक पान आम्ही भरायचं. सासूबाई कार्ड उलटंपालटं करून विचारतायत नंबर कितवा आला. मला नंबर नकोय हो, पण घरी भागाकाराला बसवलं की हा रडकुंडीला येतो आणि कार्डावर सगळं छान छान. शनिवारी पीटीएम (पालक-शिक्षक भेट), दहा मिनिटंही मिळत नाहीत. काय विचारू?

सुदामानगर_भिया:
सीसीई, ती सीबीएसईची वर्षभर मूल्यमापनाची पद्धत, विसरलात का? 2009 ला असंच वाजतगाजत आलं होतं, एफए एसए नावाच्या परीक्षा, मार्कांऐवजी ए1 ए2 ग्रेड, थर्माकोलचे प्रोजेक्ट आया रात्री जागून करायच्या, 2017 मधे गुंडाळलं. सरळ मार्क मागा. एमपी बोर्डात पाचवी-आठवीला बोर्ड पॅटर्न परत आलाच ना.

खडू_फळा:
भिया, मार्क मागून काय मिळेल, 20 पैकी 14? त्यातून तिला काय कळणार?

मी प्रायमरीला शिकवते म्हणून सांगते. हे कार्ड 2020 च्या शिक्षण धोरणातून आलंय, एनसीईआरटीच्या परख ह्या मूल्यमापन केंद्राने नमुना केलाय, आणि मुलाने स्वतःचं, मित्राने, पालकांनी, टीचरने असं चहूबाजूंनी बघायचं ही कल्पना चांगलीच आहे. पण चाळीस मुलांचा सेक्शन, प्रत्येकाची इतकी पानं, शेवटच्या आठवड्यात आम्ही ठरलेली चार वाक्यं सगळ्यांना फिरवून लिहितो, हे खोटं कशाला बोलू. म्हणून कार्डाच्या भरवशावर बसू नका, वही घेऊन या. 816 भागिले 8 चं उत्तर मुलगा 12 लिहितो, म्हणजे पद्धत येते पण मधलं शून्य गाळतो. दुसऱ्याला 8 चा पाढाच येत नाही. तिसऱ्याची वजाबाकी चुकते. तिघांना मार्क सारखेच पडतील आणि शेराही 'अधिक सराव हवा' हाच, पण तिघांना सराव वेगवेगळा लागतो. पीटीएमला 'कसा आहे' विचारू नका, 'बरा आहे' म्हणून पुढच्या पालकांना बोलावतील. विचारा की नेमका कोणत्या पायरीला अडतो, आणि पुढचे पंधरा दिवस घरी काय करून घेऊ. आणि ते तुमचं पान खरं भरा, 'भागाकाराला रडतो' असंच लिहा, सगळे तिथे 'हॅपी चाइल्ड' लिहून ठेवतात.

राजवाडा_रिटर्न:
मार्कांवरून एक आठवलं. रूथ बटलर ह्यांचा 1988 चा इस्रायलमधला प्रयोग, शाळकरी मुलांच्या एका गटाला फक्त ग्रेड दिली, एकाला फक्त कामाबद्दल शेरा, एकाला दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही, ग्रेड दिसली की मुलं शेरा कशाला वाचतात. अर्थात शेराही कामाबद्दलच हवा, 'गुड बॉय' लिहून काही होत नाही.

सुदामानगर_भिया:
मान्य, पण मग शाळेने तसा शेरा लिहावा ना. फी पूर्ण घेतात.

तिलकनगरवाली:
काल वही बघितली. पाढे येतात, शून्याचंही नाही, वजाबाकीत हातचा आला की गडबडतो आणि मग पुढचं सगळं कोसळतं. आम्ही भागाकारच घोटत बसलो होतो.

खडू_फळा:
मग भागाकार थोडे दिवस बाजूला ठेवा. रोज हातच्याच्या चार-पाच वजाबाक्या, दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या समोर ठेवून. शनिवारी टीचरला ते पान उघडून दाखवा आणि वर्गात भागाकार सुरू व्हायच्या आधी त्याला दोन वजाबाक्या देता येतील का विचारा. एवढं कोणतीही टीचर करते.