शब्दचर्चा: डुक्कर माणसाळलं की माणसाळवलं?

प्रश्न (धुळे):
नमस्कार मंडळी. बचत गटातल्या बायांसाठी वराहपालनाची माहितीपुस्तिका लिहिते आहे. पहिलं प्रकरण इतिहासाचं, आणि तिथेच गाडी अडली. रानडुकराचं पाळीव डुक्कर झालं, त्याला 'माणसाळवणे' म्हणू की 'माणसाळणे'? मथळ्यात 'वराह' ठेवू की 'डुक्कर'? आणि मांसाला काय म्हणू? सरकारी कागदात 'वराहमांस' असतं, पण आमच्या गटात तो शब्द कोणाच्या तोंडी बसणार नाही.

पारोळा:
ताई, आम्हा शेतकऱ्यांत नुसतं 'डुकर' म्हटलं की रानातलंच. सकाळी सकाळी कोणी 'डुकरं वावरमा शिरनात' म्हणत आला की पुढचं विचारावं लागत नाही. मका आडवा झालेला असतो, कणसं अर्धवट चावून टाकलेली असतात, आणि भुईमुगात नांगराच्या तासासारखे चर पडलेले असतात. गल्लीत फिरतं त्याला वेगळं 'गावडुकर' म्हणायचं. म्हणून मथळ्यात नुसतं 'डुक्कर' लिहू नका, 'पाळीव डुक्कर' लिहा. नाहीतर माझ्यासारख्याला वाटेल, पुस्तिका पीक राखण्याची आहे.

जळगाव:
पारोळ्याच्या दादांनी सांगितलेला भेद फार जुना आहे. अमरकोशात या प्राण्याची बारा नावं आहेत: वराह, सूकर, घृष्टि, कोल, पोत्री, किरि, किटि, दंष्ट्री, घोणी, स्तब्धरोमा, क्रोड, भूदार. दंष्ट्री म्हणजे सुळेवाला, स्तब्धरोमा म्हणजे ताठ केसांचा, भूदार म्हणजे जमीन फाडणारा. दादांच्या भुईमुगात रात्री येऊन गेला तो हाच भूदार. म्हणजे नावं ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः रानातला प्राणी होता.

गावातल्यासाठी मनुस्मृतीत निराळा शब्द येतो, 'विड्वराह'. विष्ठा खाणारा तो विड्वराह. तो वर्ज्य पदार्थांच्या यादीत आहे, आणि त्याच ग्रंथात श्राद्धाच्या प्रकरणात वराहाचं मांस पितरांना चालतं. विटाळ प्राण्याच्या जातीला नव्हता, त्याच्या खाण्याला होता. ताई, हे तुमच्या पुस्तिकेत जरूर घाला. शेडमध्ये खुराकावर वाढलेलं जनावर विड्वराह नाही, हे बायांना ठामपणे सांगता आलं पाहिजे. गल्लीत टोमणे त्यांनाच ऐकावे लागणार आहेत.

शहादा:
मी जनावरांचा डॉक्टर. 'माणसाळणे' की 'माणसाळवणे' या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण अभ्यासकांचा वादही नेमका इथेच आहे.

डुक्कर निदान दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पाळीव झालं. एक तुर्कस्तानाच्या आग्नेय भागात, सुमारे 9000 ते 10000 वर्षांपूर्वी, आणि दुसरं चीनमध्ये, सुमारे 8000 वर्षांपूर्वी. तुर्कस्तानातल्या चायोन्यू या वस्तीत शतकानुशतकांच्या थरांत डुकरांची हाडं सापडली आहेत. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत दाढा हळूहळू लहान होत गेलेल्या दिसतात. कोणीतरी एक दिवस पिल्लं धरून आणली आणि डुक्कर पाळीव झालं, असं घडलेलं नाही. वस्तीबाहेर खरकटं, सांडलेलं धान्य, विष्ठा साठायची, त्यावर रानडुकरं यायची. त्यांतली कमी बुजरी टिकली, जवळच व्याली, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे चालत राहिलं. बऱ्याच अभ्यासकांच्या मते सुरुवात अशी झाली. म्हणून सुरुवातीला अकर्मकच लिहा: डुक्कर माणसाळलं. पुढे माणसाने कुंपण घातलं, कोणता नर ठेवायचा आणि कोणता खच्ची करायचा हे ठरवलं, तिथून पुढे 'माणसाळवलं'. दोन्ही क्रियापदं लागतात, आणि मराठीत दोन्ही तयार आहेत हे आपलं भाग्य.

युरोपची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. शेती करणारे लोक पश्चिम आशियातून आपली डुकरं घेऊन तिकडे गेले. ती डुकरं तिथल्या रानडुकरांशी इतकी मिसळली की आजच्या युरोपी जातींत मूळ पश्चिम आशियाई अंश फारसा उरलेला नाही. आपल्याकडे सुधारित म्हणून पाळतात ती लार्ज व्हाइट यॉर्कशायर याच वंशातली, वर त्यात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चिनी डुकरांचं रक्त आलेलं.

अमळनेर:
मांसाला 'डुकराचं मटण' म्हणा, विषय संपला. 'मटण' हा शब्द इंग्रजीत मेंढीच्या मांसाचा, आपण तो बोकडाला लावला, मग डुकराला लावायला काय हरकत? हॉटेलवाल्याला विकायचं असेल तिथे 'पोर्क' लिहा.

प्रश्नकर्ती (धुळे):
सगळ्यांचे आभार. जळगावच्या नानांनी सांगितलेला 'विड्वराह' घेतेच. अजून एक अडचण: गाईचा गोठा, मेंढ्यांचा वाडा, कोंबड्यांचं खुराडं. डुकराच्या जागेला काय लिहू?

शहादा:
बोलण्यात 'शेड'च आहे, तेच ठेवा. 'वराहगृह' कागदावर राहू द्या. चिनी लिपीत घर या अर्थाचं चिन्ह 'जिआ' आहे. त्यात वर छप्पर आणि खाली डुक्कर असतं. आपल्याकडे डुक्कर बहुतेक छपराबाहेरच राहिलं, म्हणून नगरपालिकेच्या कागदात त्याच्यामागे 'मोकाट' हा शब्द चिकटला. इथे एक चूक टाळा. मोकाट म्हणजे रानटी नव्हे आणि बेवारस तर नव्हेच. त्याला मालक असतो, तो मालक बहुधा भूमिहीन असतो, आणि ते जनावर म्हणजे त्याच्या घरची अडीअडचणीची पुंजी असते. कैकाडी समाजासारख्या लोकांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. त्यांची बोली तमिळ-कन्नडच्या कुळातली. पुस्तिकेतले शब्द पक्के करण्याआधी गटातल्या अशा जुन्या बायांना विचारा. त्या सांगतील ते शब्द आपल्या कोशात मिळायचे नाहीत.

मोकाट ठेवण्याचा तोटा मात्र स्पष्ट लिहा. उघड्यावरची विष्ठा खाल्ली की पट्टकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात आणि मांसात गाठी धरतात. मांस कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात जंत वाढतो. तीच अंडी घाणेरड्या हातांतून किंवा पाण्यातून माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात. म्हणून शेड, शौचालय आणि पूर्ण शिजवलेलं मांस हे तिन्ही एकाच पानावर घ्या. आणि गाभण काळ आकड्यात लिहा, 114 दिवस. बायांना सांगताना 'तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस' म्हणा, लगेच पाठ होतं.